विश्लेषण : फाइल उघडली, लिहिली, पण बंद केली का?

संगणकाच्या प्रोग्रॅममधली फाइल बंद करणारी ओळ सर्वांत कंटाळवाणी समजली जाते. ती विसरली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. जेव्हा होते, तेव्हा माहिती आवाज न करता नाहीशी होते. ही ओळ इतकी महत्त्वाची का, ती माणसाच्या लक्षात राहण्यावर का सोडू नये आणि फाइल बंद केल्यावरही कोणता धोका उरतो, याविषयी.

यादीतून हिंगोली कुठे गेली?

पावसाळ्यात आमच्या डिजिटल डेस्कवर रोज सकाळी तालुकानिहाय पावसाचा तक्ता प्रसिद्ध होतो. राज्यातील ३५८ तालुके, जिल्ह्यांच्या नावांनुसार अक्षरानुक्रमे. जूनमधल्या एका सकाळी डेस्कवरचा फोन वाजला. पलीकडून एक वाचक शांतपणे विचारत होते, ‘साहेब, हिंगोली जिल्हा अजून महाराष्ट्रातच आहे ना? तुमच्या यादीत तर दिसत नाही.’

संकेतस्थळावर पाहिले तर यादी सोलापूर जिल्ह्यातील माळशिरसवर थांबली होती. मोहोळ नव्हते, सांगोला नव्हते आणि हिंगोलीचे औंढा नागनाथ, कळमनुरी, वसमत, सेनगाव, हिंगोली हे पाचही तालुके गायब होते. एकूण सात ओळी. मी माझ्या संगणकावरची मूळ फाइल उघडली. तिच्यात ३५८ ओळी होत्या, हिंगोलीसकट. म्हणजे फाइल पूर्ण आणि तिच्यावरून तयार झालेला तक्ता अपुरा. वरिष्ठांना वाटले, माझ्याच हातून ओळी पुसल्या गेल्या. मला वाटले, सर्व्हरचा काही घोळ असावा. दोघांचेही चुकले होते.

आदल्याच दिवशी मी एक ‘सुधारणा’ केली होती. तोवर दोन वेगळे प्रोग्रॅम होते. पहिला आकडे गोळा करून फाइल लिहायचा, दुसरा ती फाइल संकेतस्थळावर चढवायचा. वेळ वाचावा म्हणून मी दोन्ही एकत्र केले. फाइल लिहायची आणि पुढच्याच ओळीत ती चढवायची. मधे फाइल बंद करायची राहून गेली. अभियांत्रिकीची पदवी घेऊन बातमीदारीत आलेल्या माझ्यासारख्याने करावी अशी ही चूक नव्हती. पण ती का घडली आणि का दिसली नाही, हे शोधताना लक्षात आले की या चुकीचा स्वभावच न दिसण्याचा आहे.

लिहिलेले नेमके जाते कुठे?

प्रोग्रॅमने ‘ही ओळ फाइलमध्ये लिही’ असे सांगितले की ती लगेच डिस्कवर जात नाही. डिस्कपर्यंतची प्रत्येक फेरी संगणकाच्या हिशेबाने महाग असते. म्हणून ओळी आधी मेमरीतल्या एका तात्पुरत्या जागेत साठवल्या जातात. तिला ‘बफर’ म्हणतात. बफर भरला की सगळा ऐवज एकदम पुढे पाठवला जातो.

गावाकडची वडाप किंवा काळी-पिवळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. गाडी भरल्याशिवाय हलत नाही. पहिल्या तीन फेऱ्या भरून गेल्या. चौथ्या गाडीत मात्र सातच प्रवासी येऊन बसले. ते गाडीत आहेत, तिकडे गावात त्यांची वाट पाहिली जाते आहे आणि चालक आणखी प्रवासी येण्याची वाट पाहतो आहे. ‘आता कोणी येणार नाही, आहेत तेवढे घेऊन निघा’ असे कोणीतरी सांगावे लागते. फाइल बंद करण्याची सूचना म्हणजे नेमके हेच सांगणे.

मी वापरत होतो त्या पायथन भाषेच्या आवृत्तीत हा बफर ८,१९२ बाइटचा होता. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे जिल्हा, तालुका आणि पावसाचे आकडे मिळून एक ओळ साधारण ७० बाइटची होत होती. बफर तीनदा भरून रिकामा झाला तेव्हा सुमारे ३५१ ओळी पुढे गेल्या होत्या. उरलेल्या सात ओळी बफरमध्ये बसून राहिल्या. त्याच क्षणी प्रोग्रॅमने फाइल संकेतस्थळावर चढवली. त्यानंतर प्रोग्रॅम संपला, संपताना पायथनने उघडी फाइल आपणहून बंद केली आणि त्या सात ओळी डिस्कवर पोहोचल्या. म्हणूनच मी तपासायला गेलो तेव्हा फाइल पूर्ण होती. चुकीने स्वतःचा पुरावा स्वतःच पुसून टाकला होता.

फाइल ‘उघडणे’ म्हणजे तरी काय?

प्रोग्रॅम फाइल उघडायला सांगतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम परवानगी तपासते, त्या फाइलची नोंद एका तक्त्यात करते आणि प्रोग्रॅमच्या हाती एक क्रमांक देते. लिनक्स आणि युनिक्स कुळातल्या प्रणालींत त्याला ‘फाइल डिस्क्रिप्टर’ म्हणतात. बँकेत मिळणाऱ्या टोकनसारखेच ते असते. ०, १ आणि २ ही पहिली तीन टोकने ठरलेल्या कामांसाठी असतात : प्रोग्रॅमला मिळणारा मजकूर, त्याने पडद्यावर दाखवायचा मजकूर आणि चुकीचे संदेश. त्यानंतर उघडलेल्या पहिल्या फाइलला सहसा ३ क्रमांक मिळतो.

ही टोकने अमर्याद नसतात. अनेक लिनक्स संगणकांवर एका प्रोग्रॅमला एकावेळी १,०२४ उघड्या फाइलींची मर्यादा असते. मॅकवर ती सुरुवातीला २५६ इतकीच असते. मर्यादा वाढवता येते, पण ती असतेच. फाइल बंद करणे म्हणजे हे टोकन परत करणे. म्हणजे त्या एका ओळीत दोन कामे होतात : उरलेला मजकूर पुढे पाठवणे आणि घेतलेली जागा मोकळी करणे.

बंद न केल्यास काय काय बिघडते?

पहिला धोका शेवटचा मजकूर हरवण्याचा. माझ्या बाबतीत प्रोग्रॅम निदान नीट संपला. तो मध्येच कोसळला असता किंवा कोणी सक्तीने थांबवला असता, तर त्या सात ओळी कायमच्या गेल्या असत्या. ‘ऑपरेटिंग सिस्टीम शेवटी सगळ्या फाइली बंद करतेच’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ती टोकने परत घेते. पण बफर असतो प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीत. त्यात काय पडून होते, हे तिला ठाऊकच नसते.

दुसरा धोका टोकने संपण्याचा. दर मिनिटाला एक फाइल उघडून तशीच सोडणारा प्रोग्रॅम १,०२४ ची मर्यादा सुमारे १७ तासांत गाठतो. मग ‘खूप जास्त फाइली उघड्या आहेत’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम थांबते. लिनक्सवर नेटवर्कच्या जोडण्याही याच टोकनांवर चालतात. त्यामुळे फाइली उघड्या ठेवणारा सर्व्हर एका टप्प्यावर नव्या ग्राहकाला आतच घेत नाही. बिघाड एकीकडे आणि लक्षण भलतीकडे, असा हा प्रकार असतो.

तिसरा धोका जागा अडून राहण्याचा. लिनक्सवर उघडी असलेली फाइल पुसली तर तिचे नाव जाते, पण जागा सुटत नाही. डिस्क भरली म्हणून मोठी नोंदफाइल पुसावी आणि तरीही डिस्क भरलेलीच दिसावी, हा अनुभव सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांनी घेतला असेल. विंडोजवर उलट घडते. तिथे ‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असे सांगून बहुतेक वेळा पुसण्याची किंवा नाव बदलण्याची परवानगीच मिळत नाही.

मग कॉलेजात हे का कळत नाही?

कारण कॉलेजातला प्रोग्रॅम दोन सेकंदांत संपतो. निळ्या पडद्याच्या टर्बो सीमध्ये आमच्यापैकी बहुतेकांनी फाइल हाताळणीचे प्रात्यक्षिक केले. फाइल उघडायची, चार विद्यार्थ्यांची नावे आणि गुण लिहायचे, शेवटी ‘एफक्लोज’. जर्नल पूर्ण, सही मिळाली. ती शेवटची ओळ गाळली तरी निकाल तोच यायचा, कारण प्रोग्रॅम नीट संपताना फाइली आपोआप बंद होतात. तोंडी परीक्षेत फाइल उघडण्याचे प्रकार किती, हा प्रश्न हमखास असायचा. फाइल बंद केली नाही तर काय होईल, हे मला तरी कोणी विचारले नाही.

प्रत्यक्षातले प्रोग्रॅम मात्र महिनोन्‌महिने चालू राहतात. बँकेचा सर्व्हर, तिकिटांचे आरक्षण, निकालाचे संकेतस्थळ ही सगळी न संपणारी कामे आहेत. तिथे ‘संपताना आपोआप’ या आधाराला अर्थ उरत नाही. म्हणजे ज्या परिस्थितीत चूक दिसूच शकत नाही, तिथे आपण शिकवतो. आणि जिथे ती महागात पडते, तिथे शिकलेला माणूस पाठवतो. माझा आक्षेप अभ्यासक्रमात हा धडा नसण्याबद्दल नाही, धडा आहेच. पण एकदा मुद्दाम फाइल उघडी ठेवून, प्रोग्रॅम मध्येच पाडून, रिकामी फाइल मुलांना दाखवली तर तो पाच मिनिटांत कायमचा कळेल.

विमानतळावरची यंत्रे का बंद पडली?

ही ओळ लिहिली असूनही घात होऊ शकतो, हे दाखवणारे एक उदाहरण संगणक क्षेत्रात प्रसिद्ध आहे. अमेरिकी लेखक मायकेल नायगार्ड यांनी २००७ च्या ‘रिलीज इट!’ या पुस्तकात एका विमान कंपनीची, तिचे नाव न घेता, हकिगत दिली आहे. तिथे प्रश्न फाइलचा नव्हता, डेटाबेसच्या जोडणीचा होता. पण उघडणे, वापरणे आणि परत करणे हा नियम दोन्हीकडे सारखाच.

त्या रात्री कंपनीने डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवला. काम ठरल्याप्रमाणे पार पडले. काही तासांनी मात्र प्रवाशांनी स्वतः चेक-इन करायची यंत्रे बंद पडली. कारण सापडले ते काही ओळींत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काळजीपूर्वक दोन गोष्टी बंद केल्या होत्या : आधी डेटाबेसला विचारलेला प्रश्न आणि मग जोडणी. डेटाबेस हलवल्याने जुन्या जोडण्या मृत झाल्या होत्या, त्यामुळे पहिली गोष्ट बंद करतानाच चूक उद्भवली आणि दुसरी ओळ कधी चाललीच नाही. जोडणी परत गेली नाही. असे होता होता सगळ्या जोडण्या संपल्या आणि पुढची प्रत्येक विनंती रांगेत अडकून पडली.

यात कोणी आळस केला नव्हता. बंद करण्याच्या क्रियेतही चूक होऊ शकते, एवढीच शक्यता धरली गेली नव्हती.

भाषांनी यावर काय उपाय काढले?

‘लक्षात ठेवा’ हा उपाय अपुरा आहे, हे प्रोग्रॅमिंगच्या भाषा घडवणाऱ्यांना बऱ्याच आधी उमगले. सी प्लस प्लसमध्ये बिआर्न स्ट्रॉस्ट्रप यांनी रुजवलेली कल्पना अशी : वस्तूचे आयुष्य संपले की तिने घेतलेले साधन आपोआप परत जावे. पायथनमध्ये २००६ च्या २.५ आवृत्तीत ‘विथ’ ही रचना आली. तिच्या आत फाइल उघडली की त्या भागातून बाहेर पडताना, मग काम पूर्ण होऊन असो वा मध्येच चूक होऊन, फाइल बंद होते. जावात २०११ च्या सातव्या आवृत्तीत याच कामासाठी ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ आले. सी शार्पमध्ये ‘युझिंग’ आहे. गो भाषेत फाइल उघडल्याबरोबर खालच्याच ओळीत ‘डिफर’ लिहून बंद करण्याची सूचना आधीच देऊन ठेवता येते.

या सगळ्यांमागचे शहाणपण एकच : उघडण्याच्या वेळीच बंद करण्याची व्यवस्था लावा. नंतर कोण, कुठल्या वाटेने बाहेर पडेल, याचा भरवसा नाही.

पायथन वापरणाऱ्यांना एक इशारा वेगळा द्यायला हवा. नेहमीच्या पायथनमध्ये फाइलचा वापर संपला की ती बहुतेक वेळा लगेच आपोआप बंद होते, म्हणून ‘विथ’ नसले तरी चालून जाते. पण पायपाय नावाच्या वेगवान पर्यायात तीच फाइल केव्हा बंद होईल, याची खात्री नसते. आज चालते आहे, एवढ्यावरून प्रोग्रॅम बरोबर ठरत नाही.

बंद केली म्हणजे सुरक्षित झाली?

इथे आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. फाइल बंद केली की मजकूर प्रोग्रॅमच्या बफरमधून ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो. पण तीही तो आपल्या मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. लिनक्सवर हा उशीर साधारण ३० सेकंदांचा असू शकतो. तेवढ्यात वीज गेली, तर ‘बंद केलेली’ फाइलही अपुरी राहू शकते. लिनक्सच्याच माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिले आहे की फाइल यशस्वीपणे बंद झाली याचा अर्थ मजकूर डिस्कवर पोहोचला असा नाही. तशी खात्री हवी असेल तर ‘एफसिंक’ ही वेगळी सूचना द्यावी लागते.

२००९ च्या सुरुवातीला हा फरक अनेकांना त्रासातून कळला. लिनक्सची ईएक्सटी ४ ही तेव्हा नवी असलेली फाइल प्रणाली मजकूर डिस्कवर उतरवायला जुन्या प्रणालीपेक्षा जास्त वेळ घेत असे. उबुंटूच्या विकासाधीन आवृत्तीची चाचणी घेणाऱ्या काहींचा संगणक मध्येच बंद पडला आणि पुन्हा सुरू केल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झालेल्या आढळल्या. फाइल प्रणालीचे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचे म्हणणे होते की खात्री हवी असेल तर प्रोग्रॅमने ‘एफसिंक’ करायला हवे. वापरणाऱ्यांचे म्हणणे होते, जुन्या प्रणालीवर हे चालत होते. अखेर नेहमीच्या काही प्रसंगांत मजकूर लवकर उतरवण्याची सोय प्रणालीतच करण्यात आली.

बंद करताना आणि ‘एफसिंक’ करताना मिळणारे उत्तर वाचणेही तितकेच आवश्यक. डिस्कचा ठरवून दिलेला कोटा भरला असेल किंवा फाइल नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर असेल, तर लिहिताना सगळे सुरळीत दिसते आणि नकार येतो तो थेट बंद करताना. पोस्टग्रेस या नावाजलेल्या डेटाबेसलाही २०१८ मध्ये असाच धक्का बसला. लिनक्सवर एकदा ‘एफसिंक’ अपयशी ठरले आणि पुन्हा प्रयत्न केला, तर दुसऱ्या वेळी ‘यशस्वी’ असे उत्तर येऊ शकते, पण मधला मजकूर गेलेला असतो. तेव्हापासून असे अपयश दिसताच हा डेटाबेस स्वतःला थांबवतो आणि आपल्या नोंदींवरून पुन्हा उभा राहतो. खोटे यश मिरवण्यापेक्षा थांबणे बरे, हा त्यामागचा विचार.

पेन ड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ करा, असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले, तेही यासाठीच. मेमरीत थांबलेला शेवटचा मजकूर आधी उतरू द्यायचा आणि मग पेन ड्राइव्ह काढायचा.

एवढा आग्रह कशासाठी?

‘छोट्या प्रोग्रॅमला एवढा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप मी स्वतः घेतलेला आहे. माझा प्रोग्रॅम चाळीसेक ओळींचा होता. पण छोटे प्रोग्रॅम छोटे राहत नाहीत. ते कोणीतरी दुसऱ्याला जोडतो, रोज आपोआप चालायला लावतो, आणि लिहिणारा माणूस तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. शाळेची हजेरी, दुकानाचा हिशेब, सोसायटीच्या देखभाल खर्चाची यादी अशा असंख्य गोष्टी आज याच चाळीस ओळींच्या प्रोग्रॅमवर चालतात.

आणि नुकसान कोणाचे होते, हे पाहिले की आग्रहाचे कारण कळते. बफरमध्ये अडकतात त्या नेहमी शेवटच्या ओळी. अक्षरानुक्रमे यादी असेल तर ‘ह’वाले, गुणानुक्रमे असेल तर तळाचे, तारखेनुसार असेल तर काल-परवाचे व्यवहार. यादी वरून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते. ३५८ पैकी ३५१ ओळी असलेला तक्ता आमच्या डेस्कवर तिघांनी पाहिला, कोणालाही शंका आली नाही. शंका आली ती यादीत स्वतःचे गाव शोधणाऱ्याला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असा सल्ला शेतकऱ्यांना दरवर्षी दिला जातो. त्या दिवसांत आपल्या तालुक्याचा आकडा न सापडणे ही तांत्रिक किरकोळ बाब नसते.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. एक, बंद करण्याचे काम स्मरणशक्तीवर सोडू नका. भाषेने दिलेली रचना वापरा आणि सहकाऱ्याचा प्रोग्रॅम तपासताना ती नसेल तर परत पाठवा. दोन, लिहिणे, बंद करणे आणि ‘एफसिंक’ या तिन्हींचे उत्तर वाचा. पैसे, गुण किंवा नोंदी यांचा संबंध असेल तिथे तर नक्कीच. तीन, फाइल पुढे पाठवण्यापूर्वी ती पुन्हा उघडून मोजा. जेवढे लिहिले तेवढे आहे का, हा प्रश्न विचारायला एक ओळ पुरते.

त्या सकाळी तक्ता दुरुस्त करायला दोन मिनिटे लागली. फाइल लिहिणाऱ्या चार ओळी ‘विथ’च्या आत गेल्या आणि चढवण्याची ओळ त्याच्या बाहेर, खाली आली. शिवाय ३५८ ओळी नसतील तर प्रोग्रॅम आता तिथेच थांबतो. मग मी हिंगोलीच्या त्या वाचकांना फोन करून चूक झाल्याचे सांगितले. ते म्हणाले, ‘ठीक आहे, पण कळमनुरीत किती पडला ते सांगा आधी.’ मी यादीच्या शेवटाकडे गेलो आणि आकडा वाचून दाखवला.